नावं ठेवायची नाहीत

माझ्या वहिनीला वास येईनासा झाला, ही गोष्ट तिने कित्येक महिने कुणालाच कळू दिली नाही. मला सांगितलं नाही ते एक वेळ समजू शकते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. पण ज्या पाच माणसांबरोबर ती एका छपराखाली राहत होती, ज्यांना स्वतःच्या हाताने रांधून वाढत होती, त्यांच्यापासूनही तिने ते लपवलं. आणि स्वयंपाक गॅसवर होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन घरात आली तेव्हा मी शाळेत होते, आणि आल्या आल्या तिने मला “वन्सं” म्हणून हाक मारली. दोन वेण्यांच्या पोरीला वन्सं! मी हसून लोळले होते. आता आमच्या दोघींच्या तोंडात मिळून एका माणसापुरते दात उरले असतील, तरी ती मला वन्संच म्हणते आणि अहोजाहो करते. मी तिला अगंतुगं करते. त्यात कुणाला काही वावगं वाटत असेल तर त्याने खुशाल वाटून घ्यावं.

एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती हाताखालची म्हणून लागली आणि मुख्य स्वयंपाकीण म्हणून निवृत्त झाली. शेकडो कामगारांचं जेवण तिच्या नाकाखालून जायचं. नाकाखालून असं मी मुद्दाम म्हणते. ती चाखायची नाही. पातेल्यावरचं झाकण उचलायची, एक लांब श्वास आत घ्यायची आणि सांगायची, मीठ कमी आहे. मी म्हणायचे, “वहिनी, मिठाला वास नसतो.” ती म्हणायची, “मिठाला नसतो, पण मीठ नसलेल्या भाजीला असतो.” नुसत्या नाकाने कांदे सोलणारे पुष्कळ पाहिलेत मी. हिचं नाक खरोखर कामाला यायचं, आणि तिला त्याचा अभिमान होता.

माझा भाऊ एका दुपारी न्हाणीघरात पडला. वहिनी कामावर होती. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा नळ वाहत होता आणि पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर ते बराच वेळ शुद्धीवर असावेत. एवढं वाक्य त्या डॉक्टरने गिळलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं? वहिनीच्या मनात तेच घर करून बसलं. भाऊ गेल्याचं तिला दुःख होतं, पण भीती वाटायची ती त्या ‘बराच वेळ’ची. मूलबाळ नाही, नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाला, शेजारी कोण राहतं ते धड माहीत नाही. ती न्हाणीघराचं दार उघडं टाकून आंघोळ करू लागली. मग आंघोळीला जाताना मला फोन करू लागली, आणि बाहेर आल्यावर पुन्हा. एकदा दुसरा फोन आला नाही, म्हणून मी टॅक्सी करून धावत गेले. बाई केस वाळवत बसल्या होत्या. विसरले हो वन्सं, म्हणाल्या. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

तशात तिला त्या घराची बातमी लागली. नर्सेसचं एक जुनं, बंद पडलेलं वसतिगृह काही माणसं मिळून विकत घेत होती. म्हातारपण एकत्र काढायचं, मुलांच्या दारात नको आणि एखाद्या संस्थेतही नको, असा बेत होता. प्रत्येकाला आपली खोली, आपलं न्हाणीघर. स्वयंपाकघर, जेवणाचं लांब टेबल आणि अंगण सगळ्यांचं. नोकरचाकर ठेवायचे नाहीत. कामं आपली आपण करायची आणि एकमेकांवर एकमेकांचं लक्ष. वहिनीने फ्लॅट विकून तिथे आपला वाटा घातला. मी म्हणाले, “या वयात हॉस्टेल? रॅगिंग करतील तुझं.”

“करू देत,” ती म्हणाली. “कुणीतरी दार तर वाजवेल.”

मी तिथे सारखी जाऊन-येऊन असायचे, म्हणून त्या घराची घडी बसताना मी पाहिली आहे. सुरुवातीला ते घर मिठावरून मोडायची वेळ आली होती. चांगली पोक्त, शिकलीसवरलेली माणसं, आणि भाजीत तेल किती यावरून एकमेकांशी अबोला धरायची. शेवटी त्यांच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांनी सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि कायदा केला. ज्याची पाळी असेल तो जे शिजवेल ते मुकाट्याने खायचं. जेवणाला नावं ठेवायची नाहीत. कुणीतरी विचारलं, मग ठेवायची कुणाला? बाई म्हणाल्या, “माणसांना ठेवा.” बाई विनोद क्वचितच करत, त्यामुळे तो फारच उचलून धरला गेला. त्याच बैठकीत सगळ्यांना नावं ठेवून झाली. बाई झाल्या हेडबाई. दातांचे एक डॉक्टर होते, मोजकं आणि टोचेल असं बोलणारे, ते झाले चिमटा. जहाजावर नोकरी केलेले एक काका सतत सिगारेट ओढायचे, ते धुरांडं. एकमेकांना सोडून पाणीही न पिणारं एक जोडपं होतं, ती जोडगोळी. कपडे शिवणारी एक होती, ती शिवणबाई. आणि माझी वहिनी झाली कँटीन.

पाळी या शब्दावरूनही तिथे रोज हशा पिकायचा. “आज माझी पाळी आहे,” असं कुणी म्हणालं की शिवणबाई हटकून म्हणायची, “अगं बाई, या वयात?” धुरांडं तर आपल्या पाळीच्या दिवशी पोट धरून कण्हत स्वयंपाकघरात शिरायचा. पोरकटपणा होता सगळा. मला आवडायचा. तोंडाने मात्र मी म्हणायचे, तुमचं हे गोकुळ तुम्हालाच लखलाभ, मला माझं एकटीचं घर बरं.

दुसरा एक नियम होता, त्याच्यावर कुणी विनोद केला नाही. ज्याला पाळी झेपेनाशी होईल त्याने आपली दुसरीकडे सोय बघायची. नोकर नाहीत म्हटल्यावर ते ओघानेच आलं. तेव्हा सगळे धडधाकट होते. नियमाला मान डोलावताना प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपण सोडून बाकीचे असणार.

मग शिवणबाईचं खुब्याचं हाड मोडलं. वॉकर धरून ती उभी राहायची, पण मग पातेलं धरायला हात मोकळे नसत. सगळे तिच्याशी फार गोड बोलले. तुझ्याच भल्यासाठी वृद्धाश्रम बघतोय, तिथे नर्स असते, लिफ्ट असते, आम्ही येत राहू ना. वहिनीने तिची बॅग भरून दिली. आधी सगळे मिळून भेटायला गेले, मग आळीपाळीने गेले, मग वहिनी एकटीच जात राहिली. एकदा तिथून थेट माझ्याकडे आली आणि चहा समोर गार होऊ देत बसली.

“ती बोलतच नाही हो वन्सं. मी विचारलं, बरी आहेस ना? तर माझ्या बाहीची शिवण उसवली होती, ती बोटांनी चाचपत बसली नुसती.”

त्यानंतरच्या पावसाळ्यात वहिनी तापाने आडवी झाली. ताप उतरला, चोंदलेलं नाक मोकळं झालं, आणि आपल्या पाळीच्या दिवशी तिने कांदा परतायला टाकला. कांदा लाल झाला तरी तिला तो शिजतोय असं वाटेना. ती पातेल्यावर वाकली, आणखी वाकली, वाफेने डोळ्यांना धार लागली. वास नव्हता. तिने लसूण ठेचून नाकाशी धरला. कॉफीचा डबा उघडला. शेवटी सिंकखालच्या फिनेलच्या बाटलीचं झाकण काढून हुंगलं, तर आत पाणी असावं तसं.

“मला वाटलं, मी मेलेय आणि अजून कुणाला कळलेलं नाहीये,” असं ती मला पुढे म्हणाली.

गुपचूप जाऊन ती डॉक्टरांना भेटली. येईल परत, किंवा नाहीही येणार, डॉक्टर म्हणाले. घरात माणसं आहेत ना, त्यांना सांगून ठेवा, गॅस असतो, शिळंपाकं असतं. वहिनीने मान हलवली आणि घरी आली. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझी पाळी मला झेपत नाही, हेच ना? तिच्या डोळ्यांपुढे शिवणबाईची बॅग आली. तिने स्वतःच घड्या घातल्या होत्या त्या कपड्यांच्या. फ्लॅट विकलेला. माझ्याकडे एक खोली आणि एक मोरी. तरी दिवसभर ती हसतमुखाने वावरायची.

तिने नाकाचं काम बाकीच्यांवर टाकलं. कानांनी ऐकायची, तेल तडतडायचं थांबलं की आच कमी. डोळ्यांनी रंग बघायची. आणि वाढल्यावर सगळ्यांची तोंडं बघायची. कुणी नाक मुरडतंय का, कुणाचा घास तोंडात घोळतोय का. पण कुणी कधीच नाक मुरडलं नाही. सगळे हसून म्हणायचे, छान झालंय, कँटीन. वहिनीला धीर आला. इतक्या वर्षांचा हात आहे, नाक गेलं तरी हात विसरला नाही, असं ती स्वतःची समजूत घालायची.

खरी गोष्ट अशी होती की ते लोक करपलेली भाजी खात होते. नासलेल्या दुधाची कॉफी पीत होते. एकदा खवट तेलात तळलेले बटाटे सगळ्यांनी पानं चाटूनपुसून संपवले आणि जोडगोळीतल्या बाईंनी खोलीत जाऊन ओकारी काढली. बोललं कुणी नाही. जेवणाला नावं ठेवायची नाहीत म्हणजे नाहीत! नियम पाळणारी माणसं मला आधीपासूनच आवडत नाहीत. चौकशीच्या खिडकीमागे नोकरी केली मी जन्मभर, बस डेपोत. नियम सांगायला बसवलं होतं मला तिथे. म्हणून सांगते, नियमाआड लपायला माणसाला फार सोपं जातं.

अन्नाचं वहिनी निभावून नेत होती. तिची झोप उडवली होती ती गॅसने. बटण फिरवून बंद केलं, पण बंद झालं हे ओळखायचं कशावरून? आधी ती नाकाने ओळखायची आणि आपण ओळखतोय हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. आता ती बटण बंद करून बर्नरशी कान न्यायची. खोलीत जाऊन पडायची, पुन्हा उठून यायची, पुन्हा बटण दाबून बघायची. तिला सारखं दिसायचं की सकाळी कुणीतरी काडी ओढतंय आणि सगळ्या खोल्या एकदम जातायत. एका बैठकीत तिने सहज म्हटल्यासारखं म्हटलं की आपण विजेची शेगडी घेऊया का. हेडबाई म्हणाल्या की या इमारतीच्या तारांना तो भार सोसायचा नाही. आणि धुरांडं म्हणाला, “कँटीनला गॅसची भीती? उद्या मला पाण्याची वाटेल.” सगळे हसले. वहिनीही हसली.

मग तिने एकच उपाय धरला. स्वयंपाक सुरू करायच्या आधी शेगडीशेजारची खिडकी सताड उघडायची आणि जेवणं उरकेपर्यंत उघडी ठेवायची. कडाक्याच्या थंडीतही. जोडगोळी मफलर गुंडाळून जेवायला यायची. चिमटा एकदा म्हणाला, “सूपावर साय धरायच्या आत प्यावं हे बरं.” तेवढंच. खिडकीलाही कुणी नावं ठेवली नाहीत.

त्या रविवारी मी तिथे जेवायला गेले होते. मला सर्दी झाली होती, नाक लाल आणि बंद, रुमाल हातात. वहिनीची पाळी होती. वारा असा सुटला होता की अंगणातल्या दोरीवरचे कपडे दोरीलाच गुंडाळले गेले होते. आम्ही सगळे टेबलाशी बसलो. भाजी, भात, पाव टेबलावर आले होते. सूपाचं पातेलं वहिनीने मंद आचेवर मागेच ठेवलं होतं, गरम राहावं म्हणून. ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली, आणि तिच्या सवयीप्रमाणे एकेकाचं तोंड बघू लागली.

सगळे हसत होते.

मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पण वहिनीने इतके महिने त्या तोंडांचाच अभ्यास केला होता. जोडगोळीतल्या बाईंनी मफलरचं टोक नाकाशी नेलं, मग माझ्या वहिनीकडे बघून ते खाली सोडलं आणि हसल्या. त्यांच्या नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलं आणि तोही हसला. हेडबाई ताठ बसून हसत होत्या. चिमटासुद्धा हसत होता. जन्मभर लोकांचे दात बघितले, पण स्वतःचे कधी दाखवले नाहीत त्याने.

“काय झालं?” वहिनीने विचारलं.

“काही नाही, छान झालंय सगळं,” जोडगोळीतला नवरा म्हणाला.

अजून कुणी घास घेतला नव्हता.

वहिनीचा हात माझ्या मनगटावर आला आणि तो बर्फासारखा गार होता. त्या क्षणी तिला कळलं, असं ती सांगते, की ही माणसं चांगलं असताना हसत नाहीत. चांगलं असताना ती जेवतात. हसतात ती वाईट असताना. इतके महिने ती हसू बघून निर्धास्त होत आली होती. आता काहीतरी वाईट होतं, पण काय ते तिला कळायला मार्ग नव्हता. भाजी लागली? काही नासलं? की दुसरंच काही?

तेवढ्यात धुरांडं उठला. “तुमचं चालू द्या, मी एक झुरका मारून येतो.” सिगारेट ओढायला त्याला मागची गॅलरी नेमून दिली होती, आणि गॅलरीत जायची वाट स्वयंपाकघरातून होती. गॅलरीत वाऱ्याने काडी विझते म्हणून तो नेहमी स्वयंपाकघराच्या दारातच सिगारेट पेटवायचा आणि मग बाहेर पडायचा. त्याचं नाक धुराने कधीच कामातून गेलेलं. त्याने सिगारेट ओठात धरली, खिशातून काडेपेटी काढली आणि कानाशी नेऊन हलवून बघितली, काड्या आहेत ना म्हणून.

हेडबाईंचा हात टेबलावरून वर उचलला गेला आणि परत खाली आला. मी तो पाहिला. आजही मला त्या हाताची चीड येते.

वहिनी उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

“थांबा,” ती म्हणाली. “मला वास येत नाही. पावसाळ्यात ताप आला होता तेव्हापासून येत नाही, काही म्हणजे काहीच येत नाही. मी तुमच्यापासून लपवलं. तुम्हाला कसला वास येतोय तो मला सांगा.”

धुरांडं दारात, हातात काडी.

“सांगा हो कुणीतरी,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका लहान झाला होता की मला ती नवी नवरी असतानाची आठवली.

“गॅसचा,” हेडबाई म्हणाल्या.

चिमट्याने झेप घेऊन धुरांड्याच्या हातावर फटका मारला. काड्या जमिनीवर पसरल्या. “दिव्याच्या बटणाला कुणी हात लावू नका,” तो ओरडला. वहिनी मात्र आम्ही धरायच्या आत स्वयंपाकघरात शिरली होती. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने सूपाखालची ज्योत विझवली होती आणि बटण चालूच होतं. भीतीपोटी जी खिडकी ती दर पाळीला उघडत होती, तिनेच घात केला होता. तिने बटण बंद केलं, सिलिंडरचं बंद केलं, गॅलरीचं दार उघडलं आणि मग तिथेच भिंतीला धरून उभी राहिली. मी तिला ओढत अंगणात आणलं.

अंगणात आम्ही सातही जण वाऱ्यात कुडकुडत उभे होतो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

“वास आला होता तुम्हाला?” मी हेडबाईंना विचारलं.

“हो.”

“केव्हापासून?”

“बसल्यापासून.”

“आणि तुम्हाला?” मी बाकीच्यांकडे वळले. चिमट्याने मान हलवली. जोडगोळीने खाली बघितलं. “मग वाचा बसली होती का तुमची? माणसं आहात की कोण आहात?” मी बरंच काही बोलले. सर्दीने माझा आवाज घोगरा झाला होता, त्यामुळे ते आणखीच वाईट ऐकू गेलं असणार.

“तिच्या पाळीला नेहमीच कसला ना कसला वास यायचा,” हेडबाई म्हणाल्या. “आम्हाला वाटलं, तिला माहीत असेल.” हे त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, पण हनुवटी हलत होती.

जोडगोळीतल्या बाई मात्र खरं बोलल्या. “आम्हाला कळलं होतं हिचं नाक गेलंय ते. सगळ्यांनाच कळलं होतं. पण एकदा बोलायला सुरुवात झाली असती तर ते हिच्यापाशी थांबलं नसतं.” त्यांनी नवऱ्याचा दंड धरला होता. तो कुठे बघतोय ते मला समजेना. आता मला वाटतं, आपण कुठे उभे आहोत हे त्याला समजत नसावं.

घर मोकळं झाल्यावर आम्ही परत टेबलाशी बसलो. जेवण गार झालं होतं. कुणीच खाल्लं नाही. हेडबाईंनी तिथेच बैठक घेतली. मी पाहुणी, मला तिथे बसायचा हक्क नव्हता, पण मला उठवायची कुणाची छाती झाली नाही. वहिनी मांडीवर हात ठेवून बसली होती. न्हाणीघराचं दार उघडं टाकायची तेव्हाही तिचा चेहरा इतका पांढरा नव्हता.

“तू इथेच राहायचंस,” हेडबाई म्हणाल्या. “जीव वाचवलास आमचा. नियम बदलू. तुला पाळी माफ. आता तू काही करायचं नाहीस, नुसती आरामात बसायचंस.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलासुद्धा हायसं वाटलं. चला, बाहेर तर काढत नाहीत. मी वहिनीचा हात दाबला. तो तसाच गार होता.

“शिवणबाईलाही आपण नुसतं बसायलाच पाठवलं होतं,” वहिनी म्हणाली. “मला काढायचं असेल तर काढा. पण या टेबलाशी बसवून ठेवू नका. मला भीती वाटते. तुम्ही गोड बोलाल, माझ्यापुढे ताट आणून ठेवाल, आणि मग एक दिवस मी बोलायची बंद होईन.”

हेडबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसतच राहिल्या. धुरांडं खिसे चाचपत होता, काडेपेटी नव्हती.

चिमट्याने घसा खाकरला. “माझ्या पाळीला सूप असतं. दर वेळी सूपच का असतं, कुणी विचारलं नाहीत.” त्याने उजवा हात टेबलाच्या वर आणला आणि तसाच धरून ठेवला. हात थरथरत होता. त्याने तो ताटावर टेकवला तर चमचा ताटावर वाजू लागला. “डबे उघडून गरम करतो. सुरी धरवत नाही. नाक मात्र अजून चांगलं आहे.” तो वहिनीकडे वळला. “कँटीन, तू चीर, ढवळ, काय करायचं ते कर. मी शेजारी उभा राहून हुंगतो. दोन्ही पाळ्यांना.”

“आणि करपलं तर सांगाल?” वहिनीने विचारलं.

“गेले कित्येक महिने मला सांगायचंय,” चिमटा म्हणाला. “ते बटाटे भयंकर होते.”

वहिनी हसली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग पुष्कळ वेळ रडली. मी तिला माझा रुमाल दिला. तो सर्दीचा आहे हे नंतर माझ्या लक्षात आलं. चिमटा हात पुन्हा टेबलाखाली न्यायचा विसरला होता; तो तिथेच सगळ्यांसमोर थरथरत होता. बाकीचे चौघे आपापल्या ताटाकडे बघत होते. प्रत्येकाच्या पोटात काहीतरी होतं, आणि त्या दिवशी ते कुणी बाहेर काढलं नाही. मी निघाले तेव्हा हेडबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि पायरी उतरायच्या आधी त्यांनी पावलाने तिची कड चाचपली.

मी घरी आले तेव्हा उजेड होता. चहा करावा म्हणून ओट्याशी गेले, काडेपेटी घेतली, काडी बाहेर काढली आणि थांबले. सकाळी निघताना घाई होती. बटण बंद केलं होतं का? बंद दिसत होतं. पण पूर्ण? मी वाकून श्वास घेतला. काही नाही. नाक शिंकरलं, पुन्हा घेतला. काही नाही. म्हणजे गॅस नाही, असं मी मोठ्याने म्हणाले. मग लसूण सोलून नाकाशी धरला. लसणालाही वास नव्हता.

सर्दी आहे, दोन-चार दिवसांत जाईल, हे मला कळत होतं. तरी मी काडी ओढली नाही. खिडकी उघडली, दार उघडलं, बाहेर जिन्यात आले. समोरच्या घरात कुणीतरी नवरा-बायको राहतात. येता-जाता दिसतात. मी त्यांना कधी नाव विचारलेलं नाही. माझ्या घरात येऊन जरा हुंगता का, एवढंच विचारायचं होतं, पण असं कुणाला कसं विचारतात ते मला माहीत नव्हतं. बेल दाबायची भीती वाटली म्हणून मी हाताने दार वाजवलं.

आतला टीव्ही बंद झाला. “कोण आहे?”

“मी शेजारची.”

“कोण शेजारची?”

मी माझं नाव सांगितलं. आत कुणी हललं नाही.